गनोम की प्लाझ्मा: थीम बसवताना कुठे कमी त्रास होतो

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून फोंडा, डिचोली, साखळीकडच्या माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुन्या मशीनवर लिनक्स टाकलंय. इन्स्टॉलचं कोणाचं काही अडत नाही, पण थोड्या दिवसांनी फोन येतोच, की बाब, थीम टाकली पण अर्ध्या विंडोंना लागली आणि अर्ध्यांना नाही, काय करू? आणि त्याला जोडूनच पुढचा प्रश्न, गनोमवरच राहू की केडीई प्लाझ्मा घेऊ? हे दोन्ही लिनक्सचे डेस्कटॉप, म्हणजे विंडो, पॅनल, मेनू दाखवणारा भाग. दोन्ही मी रोजच्या कामाला वापरलेत, मधे सिनॅमन हा तिसराही वापरला, म्हणून जे बघितलं ते लिहितो. रॅम किती खातं, मेनू कुठे आहे, हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

माझं काम डीटीपीचं. श्रावणात सप्ताहाची पत्रकं, चवथीला आरत्यांच्या पुस्तिका, दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की नाटकांची हँडबिलं. पानं मांडायला स्क्रायबस, चित्रं काढायला इंकस्केप आणि लिबरऑफिस दिवसभर उघडे. अशा कामाला थीम म्हणजे नुसती हौस नाही. पांढऱ्याशुभ्र विंडोत ठेवलेला रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो, काळ्या विंडोत तोच उजळ वाटतो, म्हणून मला अवतीभवती मधला राखाडी हवा असतो, ना काळा ना पांढरा. नाइट लाइट लावून हे होत नाही कारण ते सगळा स्क्रीनच पिवळा करतं, पानासकट, मग शेंदरी कुठला आणि लाल कुठला ते कळायचं कसं.

आता अर्ध्या विंडोंना थीम का लागत नाही ते आधी बघू, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते. लिनक्स डेस्कटॉपवर एका घरात दोन चुली आहेत, जीटीके आणि क्यूटी, म्हणजे ॲपच्या विंडो आणि बटणं ज्यातून बनतात ते दोन वेगळे संच. इंकस्केप जीटीकेवर, स्क्रायबस क्यूटीवर, आणि लिबरऑफिस दोन्हीकडे जुळवून घेतं पण त्याचं वेगळं पॅकेज लागतं. ते पॅकेज नसेल तर लिबरऑफिस एकदम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामसारखं दिसायला लागतं आणि लोक थीमला दोष देत बसतात. तेव्हा पहिलं ते बघा. जीटीके ३ ची थीम जीटीके ४ ला लागत नाही, क्यूटी ५ चं सेटिंग क्यूटी ६ ला चालत नाही. फ्लॅटपॅकमधून (ॲप सगळ्या सामानासकट वेगळं बांधून देणारी पद्धत) घेतलेलं ॲप तर आपल्या पेटीत बंद असतं, तुमच्या होम फोल्डरातली थीम त्याला दिसतच नाही, फ्लॅटहबवर, म्हणजे फ्लॅटपॅकच्या दुकानात, त्याच थीमचं पॅकेज असेल तर ते टाका नाहीतर त्या ॲपला त्या फोल्डरची परवानगी द्या.

आणि एक अगदी साधी गोष्ट जी सगळ्यात जास्त वेळा निघते. झिप सोडवल्यावर फोल्डरात आणखी एक फोल्डर तयार होतो, आतल्या फोल्डरात खरी थीम असते, आणि सेटिंगमधे नावच येत नाही. जीटीके-३.० हा फोल्डर थीमच्या नावाच्या फोल्डरात थेट दिसायला हवा, एक पायरी खाली नको.

गनोमबद्दल चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. काही न बदलता वापरणार असाल तर त्याच्याइतकं नीटनेटकं दुसरं मी बघितलेलं नाही. गडद-फिकट एका बटणावर होतं, सप्टेंबर २०२४ च्या ४७ व्या आवृत्तीपासून ९ ॲक्सेंट रंगही (बटणं, निवडलेल्या ओळी यांचा ठळक रंग) मिळतात, आणि देवनागरी नावं टायटलबारमधे व्यवस्थित बसतात. माझ्या बहिणीला मी गनोमच दिलंय, तिला थीम बदलायचीच नाही, तिचा प्रश्न मिटला.

पण ज्याला बदलायचं आहे त्याची गाडी अडते लिबअद्वैताशी. गनोमच्या नव्या ॲपना ही लायब्ररी लागते, तिची १.० आवृत्ती २०२१ च्या अखेरीस आली, मार्च २०२२ च्या गनोम ४२ पासून ॲप तिच्यावर जायला लागली, आणि त्याच वर्षी ४३ मधे फाइल मॅनेजरही गेला. ही ॲप तुम्ही निवडलेली थीम वाचतच नाहीत, स्वतःचीच लावतात. बग नाही, ठरवून केलंय. गनोमच्या काही ॲप डेव्हलपरांनी २०१९ सालीच डिस्ट्रोवाल्यांना, म्हणजे उबुंटू-मिंटसारखं तयार लिनक्स बनवणाऱ्यांना, खुलं पत्र लिहून सांगितलं होतं की आमच्या ॲपना परस्पर थीम लावू नका, बटणं मोडतात, आयकॉन अदृश्य होतात आणि तक्रारी आमच्याकडे येतात. त्यांची बाजू मला पटते, ज्याने ॲप बनवलं त्याला ते नीट दिसावंसं वाटणारच. पण त्यामुळे माझ्या टेबलावर काय होतं, तर इंकस्केप राखाडी, शेजारी फाइल मॅनेजर पांढराफटक, स्क्रायबस तिसऱ्याच रंगाचं. फोटो शोधायला फाइल मॅनेजर उघडला की डोळ्यांवर पांढरा प्रकाश, परत पानाकडे यायचं तर रंग बघायला डोळे पुन्हा स्थिर व्हावे लागतात, आणि असं दिवसातून कितीतरी वेळा.

यावर उपाय आहे, बऱ्याच जणांनी तो केलेलाही असतो. थीमच्या जीटीके-४.० फोल्डरातला माल उचलून आपल्या होममधल्या कॉन्फिग (.config) फोल्डरातल्या जीटीके-४.० मधे टाकायचा, मग लिबअद्वैताची ॲपही ऐकतात. ऐकतात, पण मग गडद-फिकटचं बटण नीट चालत नाही कारण ती फाइल सगळ्यावर बसलेली असते, आणि पुढची आवृत्ती आली की त्यातले नियम जुने होतात. दर सहा महिन्यांनी, मार्चमधे आणि सप्टेंबरमधे, गनोमची आवृत्ती येते. सप्टेंबरची डिस्ट्रोमधून आपल्यापर्यंत पोचते ती साधारण दिवाळीच्या आसपास, म्हणजे ऐन जत्रांच्या तोंडावर, जेव्हा गावोगावची मंडळं हँडबिलासाठी दारात उभी असतात आणि मला मशीन जसं होतं तसंच हवं असतं. अपडेटनंतर एखाद्या डायलॉगमधे बटणावरची अक्षरं आणि मागचा रंग एकच झालेला, ओके कुठलं आणि कॅन्सल कुठलं ते अंदाजाने दाबायचं. कुठे काही एरर येत नाही, कोणी सांगत नाही की अमुक फाइलमुळे हे झालं. माझ्यासाठी निवड ठरली ती या एका गोष्टीवर. थीम मोडते याचा त्रास नाही, सगळीकडेच मोडते, पण इथे ती न बोलता मोडते आणि मोडण्याचं वेळापत्रक माझ्या हातात नाही.

त्यातून वरच्या पट्टीची थीम बदलायची तर एक्स्टेन्शन, म्हणजे गनोमला जोडायचा छोटा प्रोग्राम, लागतं, आणि एक्स्टेन्शनचं आवृत्तीशी जुळावं लागतं. सप्टेंबर २०२३ च्या ४५ मधे एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली, तेव्हा जुनी सगळी एकदम बंद पडली होती, लेखकांनी नवीन करून देईपर्यंत थांबावं लागलं.

गनोमवरच राहायचं असेल तर माझं म्हणणं इतकंच की अख्खी थीम कॉपी करू नका. जीटीके-४.० फोल्डरातल्या सीएसएस फाइलमधे (रंग-आकाराचे नियम लिहायची साधी फाइल) फक्त विंडोची पार्श्वभूमी, हेडरबार आणि साइडबार यांचे रंग लिहा, चार-सहा ओळीच होतात, त्या पुढच्या आवृत्तीतही बऱ्यापैकी टिकतात. आणि काही बिघडलं तर सगळ्यात आधी तो फोल्डर दुसऱ्या नावाने ठेवून लॉगआउट-लॉगिन करा. माझ्या मते थीमच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

प्लाझ्माकडे गेलो तेव्हा पहिल्यांदा सेटिंग बघून गोंधळल्यासारखं होतं हे खरं. ग्लोबल थीम वेगळी, प्लाझ्मा स्टाइल वेगळी, ॲप्लिकेशन स्टाइल वेगळी, रंग, विंडो डेकोरेशन, आयकॉन, कर्सर सगळं वेगवेगळं. पण थोडं वापरल्यावर हेच आवडायला लागतं, कारण काय मोडलं ते कुठल्या खान्यात शोधायचं ते कळतं. पॅनल बिघडलं तर प्लाझ्मा स्टाइल, बटणं बिघडली तर ॲप्लिकेशन स्टाइल, कडा बिघडल्या तर डेकोरेशन.

आणि रंग. रंगाच्या पानावर योजनेवरची पेन्सिल दाबली की विंडो, बटण, निवडलेली ओळ, टूलटिप, प्रत्येकाचा रंग स्वतः ठरवता येतो. मला हवा तो राखाडी मी तिथे बनवला, कुठूनही थीम डाउनलोड न करता, आणि तो जीटीके ३ वाल्या इंकस्केपपर्यंतही पोचला कारण प्लाझ्मा त्याच्या मूळच्या थीमची, म्हणजे ब्रीझची, जीटीके आवृत्ती सोबत ठेवतं आणि रंग तिकडे पाठवतं. इंकस्केपला तरीही लागला नाही तर त्याच्या प्रेफरन्सेसमधे स्वतःचं थीमिंगचं पान आहे, तिथे दुसरी थीम निवडलेली नाही ना बघा. ही रंगयोजना म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, होममधल्या लोकल-शेअरखालच्या (.local/share) कलर-स्कीम्स फोल्डरात, ती उचलून दुसऱ्या मशीनवर टाकली की काम झालं.

इथेही सगळं गोड नाही. प्लाझ्मा ६.० फेब्रुवारी २०२४ मधे आलं, क्यूटी ६ वर, आणि स्क्रायबस १.६ अजून क्यूटी ५ वर. म्हणून सगळी विंडो छान राखाडी आणि स्क्रायबस एकटंच परकं, असं होऊ शकतं. क्यूटी ५ साठीचं ब्रीझ आणि प्लाझ्मा इंटिग्रेशन अशी वेगळी पॅकेजं असतात, डिस्ट्रोप्रमाणे नाव बदलतं, ती टाकली की ते रांगेत येतं. प्लाझ्मा ५ च्या काळातल्या ग्लोबल थीम ६ वर अर्धवट लागतात, त्यांच्या नादी लागू नका. लिबअद्वैताची ॲप इथेही गडद की फिकट ते ऐकतात, पण राखाडी होत नाहीत, फक्त फरक असा की इथे फाइल मॅनेजर, टेक्स्ट एडिटर, पीडीएफ बघायचं ॲप सगळी केडीईची घरचीच असल्यामुळे त्यांची गरजच फार कमी पडते.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. ग्लोबल थीम म्हणजे नुसते रंग आणि चित्रं नाहीत, तिच्याबरोबर चालणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४ मधे केडीई स्टोअरवरच्या एका ग्लोबल थीममुळे एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या होत्या, त्यानंतर केडीईच्या लोकांनीच सावध राहायला सांगितलं. ग्राहकांचं काम ज्या मशीनवर आहे तिथे अनोळखी ग्लोबल थीम टाकूच नये, रंगयोजना आणि आयकॉन घेऊन भागतं. जी टाकाल तीही लावताना जो डायलॉग येतो त्यात लेआउटची खूण काढून ठेवा, नाहीतर मांडून ठेवलेलं पॅनल उचलून भलतीकडे जातं. आयकॉन बदलूनही जुनेच दिसत राहिले तर कॅश फोल्डरातली आयकॉन-कॅशची फाइल पुसून पुन्हा लॉगिन करा.

सिनॅमन थोडक्यात. सिनॅमन बनवणाऱ्या लिनक्स मिंटवाल्यांना लिबअद्वैताचा हाच प्रश्न पडला होता, म्हणून जुलै २०२४ च्या मिंट २२ मधे त्यांनी कॅल्क्युलेटर, कॅलेंडर, सिस्टम मॉनिटर अशी कितीतरी ॲप मुद्दाम जुन्या जीटीके ३ च्या आवृत्तीवर ठेवली, जेणेकरून थीम लागावी. वापरणाऱ्याचा विचार करणारी माणसं आहेत ती. वडीलधाऱ्यांच्या मशीनला मी आजही सिनॅमनच सुचवेन. मला ते सोडावं लागलं कारण क्यूटीच्या ॲपना तिथे वेगळं सेटिंग करत बसावं लागतं आणि माझं मुख्य काम स्क्रायबसमधे.

एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपबद्दल विचारतात कारण मशीन जुनं असतं. तिथे विंडोच्या वरच्या पट्टीची थीम चित्रांची बनलेली असते, उंची त्या चित्राएवढी ठरलेली, अक्षरानुसार वाढत नाही. बारीक पट्टीची थीम लावली आणि फाइलचं नाव मराठीत असलं, समजा ‘आरत्या–गर्भपानं–शेवटचं’, तर रफार आणि मात्रा वर कापल्या जातात आणि उकार खाली. मला तर ते सहन होत नाही. जाड पट्टीची थीम निवडा किंवा फॉन्ट लहान करा, एवढाच मार्ग. प्लाझ्माचं ब्रीझ डेकोरेशन फॉन्ट बघून उंची ठरवतं, मी इंटरफेसला ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट लावलाय, त्यात इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही एकाच घडणीची असल्यामुळे फाइलींची यादी वाचायला बरी वाटते.

तुमचं काम माझ्यासारखं नसेल, नुसतं ब्राउझर आणि ईमेल असेल, तर गनोम आहे तसंच ठेवा, उगाच बदलू नका असं मी म्हणेन. पण जीटीके आणि क्यूटी दोन्हीकडची ॲप दिवसभर उघडी असतील आणि रंग स्वतः ठरवायचा असेल, तर माझा कल प्लाझ्माकडे आहे. बघायचं असेल तर त्याच मशीनवर प्लाझ्मा टाका पण नवीन युजर खातं काढून त्यात वापरा, कारण दोन्ही डेस्कटॉप जीटीकेच्या त्याच सेटिंगमधे लिहितात, आणि एकाच खात्यात दोन्ही चालवले की गनोममधे परत गेल्यावर फॉन्ट आणि आयकॉन बदललेले सापडतात. नव्या खात्याचा आणखी एक उपयोग, जुन्या खात्यात थीम मोडली असेल आणि नव्यात नीट दिसत असेल तर दोष सिस्टममधे नाही, तुमच्या होम फोल्डरातल्या कॉन्फिगमधे आहे, मग रीइन्स्टॉल करायची गरज नाही, तिथेच शोधा. आणि हे सगळं पावसाळ्यात उरकून घ्या, जत्रा सुरू झाल्यावर नको.