आठ महिने एआर-८८डी सोबत: देवळालीतून आलेला ४५ किलोचा रिसीव्हर

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या कोठीतून हा सेट टेम्पोत चढवायला आम्ही तिघं लागलो. आरसीए या अमेरिकन कंपनीचा एआर-८८डी रेडिओ. १४ व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या रेडिओतल्या निर्वात नळ्या), ५३५ किलोहर्ट्झपासून ३२ मेगाहर्ट्झपर्यंत सहा बँड, वजन ४५ किलोच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात हे सेट मोठ्या संख्येने ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाला गेले. शत्रूचे मोर्स संदेश टिपणाऱ्या ब्रिटिश केंद्रांतही ते होते. माझा सेट त्या घरातल्या आजोबांनी डिस्पोजलच्या (लष्कराने विकून टाकलेल्या) मालातून घेतलेला, एवढंच घरच्यांना आठवतं.

आणला त्याच दिवशी प्लग लावायचा मोह होत होता. नाशिकरोडला एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते फोनवरच ओरडले, "अगं, सिरीज बल्बशिवाय वीज देऊ नकोस! आणि ट्रिमरला हात लावशील तर बघ." सिरीज बल्ब म्हणजे सेटच्या विजेच्या वाटेत जोडलेला दिवा, आत शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो. ट्रिमर म्हणजे ट्यूनिंग जुळवायचे बारीक स्क्रू. दोन्ही ऐकलं म्हणून सेट वाचला. बल्ब आधी मंद होता, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) तापल्यावर एकदम लख्ख पेटला. फिल्टरचा एक कंडेन्सर शॉर्ट झाला होता.

तो बदलल्यावर आवाज आला, पण फाटका. स्पीकर चालवणाऱ्या ६के६ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत जातो त्या टोकावर, उणे व्होल्टेज हवं. माझा मीटर अधिक दाखवत होता. म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय आणि त्या व्हॉल्व्हच्या प्लेटचं जास्त व्होल्टेज ग्रिडवर येतंय. पाच रुपयांचा भाग, पण तसाच चालवला असता तर व्हॉल्व्ह गेला असता आणि त्यामागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मग सगळेच कागदी कंडेन्सर बदलले. पत्र्याचे जुने डबे जागेवरच ठेवले, फक्त तारा सोडवल्या आणि नवे कंडेन्सर चेसिसखाली बसवले. डबे फोडू नका, जुन्या कंडेन्सरमधलं तेल विषारी असू शकतं.

एवढं झाल्यावर सिग्नल जनरेटर लावला, तर ४५५ किलोहर्ट्झचे आयएफ कॅन (स्टेशनं वेगळी करणाऱ्या कॉइलचे डबे) जेमतेम हलवावे लागले! ऐंशी वर्षांनंतरही. सेट बहिरा वाटला की लोक आधी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ट्रिमर फिरवतात आणि कारखान्याचं ट्यूनिंग घालवून बसतात. माझ्या सेटचे कान शाबूत होते, म्हातारे झाले होते ते कंडेन्सर.

आता वापराबद्दल. ट्यूनिंगच्या नॉबला आत जड चाक आहे. एक झटका दिला की डायल स्वतःच्या वेगाने सरकत जातो आणि बोट टेकवलं की थांबतो. हे सुख दुसऱ्या कुठल्या रेडिओत मला मिळालेलं नाही. एरियलचा सिग्नल आयएफवर आणणाऱ्या मिक्सरच्या आधी आरएफचे, म्हणजे तो सिग्नल वाढवून गाळणारे, दोन टप्पे असल्यामुळे बारीक स्टेशनही ऐकू येतं आणि एकच स्टेशन डायलवर सहसा दोन जागी उगवत नाही. संध्याकाळी १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदांचे ठोके येतात. डायल बरोबर आहे का हे मी त्यावरच तपासतो.

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर आपली हॅम मंडळी (परवानाधारक हौशी रेडिओवाले) बोलतात. ते एसएसबीवर, म्हणजे मूळ कॅरियर लहर आणि एक बाजू गाळलेल्या सिग्नलवर, आणि हा सेट त्या जमान्याचा नाही. पहिले चार दिवस नुसतं बदकांचं भांडण ऐकलं. आवाज आपोआप सारखा ठेवणारी एव्हीसी बंद, गाळलेल्या कॅरियरची जागा भरणारा बीएफओ चालू, ऑडिओ पूर्ण वर, आणि मग आरएफ गेन, म्हणजे एरियलच्या सिग्नलची वाढ, अगदी खालून हळूहळू वाढवायचा. नेहमीच्या सवयीच्या नेमकं उलट. आणि बदकांतून एकदम माणूस बोलायला लागतो! आईला ऐकवलं तर म्हणाली, "अगदी समोर बसल्यासारखा बोलतोय गं."

त्रास आहेत. शेजारच्या एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची घरघर रात्री दहापर्यंत जात नाही. एरियलची २० मीटर तार गच्चीवरून मागच्या आंब्यापर्यंत, घरापासून लांब नेली तेव्हा फरक पडला. वळवाच्या दिवसांत विजांमुळे ती तार काढून ठेवावीच लागते. आमच्याकडे रात्री व्होल्टेज २४५ च्या वर जातं, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा जास्त व्होल्टेजचा टॅप (जोडणीचं टोक) वापरते. एका विक्रेत्याने नवे म्हणून पाठवलेले दोन व्हॉल्व्ह वापरलेले निघाले. टेस्टरवर तपासून दाखवणाऱ्याकडूनच घ्या.

घ्यायचा असेल तर आधी आतले आयएफ कॅन कुणी उघडलेत का ते बघा आणि बँड स्विच सहाही जागी फिरवून पाहा, कारण तो मोडला तर बदली मिळणं कठीण. बाहेरचा रंग उडालेला चालेल. माझ्याही सेटचा उडालाय, तसाच ठेवलाय.