दाबाखाली तापवायला काळी माती घ्यावी की जांभ्यातली?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मातीतलं पाणी दाबाखाली कसं निघतं हे बघायचं ठरलं, तर कोल्हापुरात नमुन्यांना तोटा नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट, राधानगरीच्या डोंगरावरच्या जांभ्यात केओलिनाइट; दोन्ही थराथरांची चिकणमातीची खनिजं.

केओलिनाइटच्या थरांमध्ये मोकळं पाणी नसतं. आहे ते हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) रूपात स्फटिकाच्या सांगाड्यातच, वजनाच्या सुमारे 14 टक्के. उघड्या भट्टीत ते साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअसला जातं आणि मेटाकेओलिन हा निर्जल पदार्थ उरतो. तापमानाबरोबर घटणाऱ्या वजनाचा आलेख स्वच्छ येतो. पण आपल्या जांभ्यात गिब्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज मिसळलेलं असतं आणि ते 300 अंशांच्या आसपासच स्वतःचं पाणी सोडतं. त्यामुळे केओलिनाइटच घ्यायचं असेल तर शुद्ध चिनी माती विकत घ्या, डोंगर उकरू नका.

मॉन्टमोरिलोनाइट दोन टप्प्यांत सुकतं: थरांमधलं पाणी 100 ते 200 अंशांत, हायड्रॉक्सिल बहुधा 600 च्या पुढे. दाबाचा परिणाम पाहायचा तर मला हेच खनिज जास्त मोलाचं वाटतं. पाणी कोंडलेलं असेल तर सुटणाऱ्या वाफेला पसरायला जागा नसते, म्हणून ते थरांतच टिकतं आणि सुटण्याचं तापमान चढतं. सुरुवातीला ही चढण तीव्र असते; पुढे वाफच दाट होते, तशी ती मंदावते. समुद्रतळाची माती भूपट्टाबरोबर खाली जाताना आपलं काही पाणी खोलवर नेते, त्यात याचाही वाटा असतो. मात्र दट्ट्याने दाबलं आणि पाण्याला निघायला वाट ठेवली, तर हे गणित लागू पडत नाही. दाब कोणता, हे आधी ठरवा.

केओलिनाइटही कोंडल्यावर साधं वागत नाही. सोबत क्वार्ट्झ असेल तर बऱ्याच काळाने 300 अंशांच्या आसपासच त्याचं पायरोफिलाइट हे दुसरंच खनिज होऊ लागतं. मग तुम्ही सुकणं मोजत नसता, नवं खनिज घडताना मोजत असता.

काळी माती घेतलीत तर ती पाण्यात ढवळा, सुमारे 8 तासांनी वरच्या 10 सेंटिमीटरमधलं गढूळ पाणी काढून घ्या. मॉन्टमोरिलोनाइट ज्यांत असतं ते 2 मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्यातच मिळतात. वाळवलेला नमुना पावसाळ्यात काट्यावर उघडा ठेवू नका, बघता बघता वजन वाढतं.

टेफ्लॉनचं अस्तर असलेलं ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) साधारण 220 अंशांपुढे नेता येत नाही, तिथे हायड्रॉक्सिल विसराच. तेवढंच साधन हाताशी असेल तर काळी मातीच घ्या. दाबाचं साधनच नसेल तर चिनी माती आणि उघडी भट्टी.