लेकीचे बोरन्हाणाचे फोटो काढले, स्टुडिओ चांगला आहे फक्त एडिटिंगचं आधी बोलून घ्या

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या ह्या स्टुडिओत आम्ही जानेवारीत लेकीचे फोटो काढले, ती तेव्हा ११ महिन्यांची होती. संक्रांतीनंतर घरी बोरन्हाण झालं तेव्हा वीस-पंचवीस माणसं, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले की सगळी पोरं वेचायला तुटून पडली, त्या गोंधळात मोबाईलवर एकही फोटो धड आला नाही. सासूबाईंची फार इच्छा होती, कारण ह्यांचा लहानपणीचा हलव्याच्या दागिन्यातला फोटो अजून हॉलमध्ये आहे, तसाच नातीचा हवा. रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून मग तेच काळं झबलं, तेच दागिने घेऊन स्टुडिओत गेलो.

खरं सांगायचं तर मला भीतीच वाटत होती. सहाव्या महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, अर्ध्या तासाचा स्लॉट, आत गेल्या गेल्या टोपलीत बसवली आणि चार बाजूंनी चार जण खुळखुळे, टाळ्या, शिट्ट्या, "इकडे बघ, इकडे बघ", पिल्लू बिचारं बघणार तरी कोणाकडे, जी रडायला लागली ती थांबेचना आणि वर तिथले स्टुडिओवाले म्हणतात टाइम संपला. १२०० रुपये गेले आणि एकूण एक फोटोत डोळे सुजलेले.

इथे फोन केला तर फोटोग्राफर काकांनी पहिला प्रश्न विचारला, बाळ झोपून उठतं कधी? साडेदहाला उठते म्हटल्यावर खाऊपिऊ घालून सव्वाअकराला या म्हणाले. त्या दिवशी थंडी मरणाची होती, आपल्याकडची जानेवारीची थंडी माहितीच आहे, पण त्यांनी आधीपासून हीटर लावून खोली उबदार करून ठेवली होती. आणि पहिली वीस मिनिटं त्यांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. खाली सतरंजीवर बसले आणि माझ्याशीच गप्पा मारत राहिले, आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके, सिनेमात यायच्या आधी त्यांचा गोध्र्याला फोटो स्टुडिओ होता वगैरे, मला हे माहीत नव्हतं. तेवढ्यात लेक रांगत रांगत स्वतःच त्यांच्या मांडीपर्यंत गेली. तिला त्यांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून ते बोलत होते, हे मला नंतर कळलं.

दागिने घालताना त्यांच्या मुलीने बाजूबंद ओढून पाहिला, एक दोरा सैल होता, म्हणाली ताई दाणा सुटला तर सरळ घशात जाईल, आणि तिथेच परत बांधून दिला. हे मला फार आवडलं, कारण घरी आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

उजेडाचं मी मुद्दाम विचारलं, कारण घरच्या फोटोंत झबलं राखाडी आणि तोंड पांढरं फटक आलं होतं. ते म्हणाले कॅमेरा ऑटोवर असला की एवढं काळं बघून त्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळाच फोटो उजळ करतो, म्हणून ते सेटिंग स्वतः हाताने करतात. समोरून फ्लॅश मारला नाही, एका बाजूला मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढरं कापड लावलेला मऊ उजेडाचा लाइट लावला, त्यामुळे हलव्याचा काटा न काटा दिसतो, समोरून मारला असता तर नुसते प्लॅस्टिकचे पांढरे मणी वाटले असते. काळं झबलं मागच्या पडद्यात बुडू नये म्हणून पाठीमागून एक छोटा लाइट. बाकी सजावट म्हणून एक पतंग, बास.

फोटो काढताना सासूबाईंसकट सगळ्यांना प्रेमाने बाहेर बसवलं, आत फक्त मी, तेही काकांच्या पाठीमागे बरोबर लेन्सच्या वर तोंड येईल अशी उभी. ते पोटावर झोपलेले. मोबाईल दाखवू का विचारलं तर नको म्हणाले, नजर खाली जाते आणि स्क्रीनचा उजेड तोंडावर पडतो. सगळ्यात सुंदर फोटो हसरा नाहीये, कंगन चाटून झाल्यावर ती स्वतःची चिकट बोटं पसरून इतक्या गंभीरपणे बघतेय की मी रोज तो फोटो उघडून बघते.

आता जे आवडलं नाही ते. ८ दिवस सांगून १३ दिवस लावले. आणि पहिले फोटो आले तेव्हा लेक ओळखूच येईना, गोरी केलेली, गाल गुळगुळीत, आणि गालावरची तीट डाग समजून पुसून टाकलेली! माझ्या आईने लावलेली तीट ती. माझ्या लेकीचा सावळा रंग मला तसाच हवाय, मी फोन करून स्पष्ट सांगितलं. वाद न घालता दोन दिवसांत सगळे बदलून दिले, तीटही परत आली, पण तुम्ही आधीच सांगून ठेवा की रंगाला हात लावायचा नाही.

२५०० रुपयांत १० फोटो आणि एक १२ बाय १८ची फ्रेम. जिना अरुंद आहे, स्ट्रॉलर खालीच ठेवावी लागते.

बहिणीला मार्चमध्ये बाळ होणार आहे, तिला ते हनुवटीखाली हात ठेवलेल्या बाळाचे फोटो हवेत. काका म्हणाले तसं बाळाला एकटं सोडून कधीच करत नाही, एका फोटोत डोकं धरतो, दुसऱ्यात हात, मग दोन्ही जोडतो, आणि बाळ कुरकुरलं की तो प्रकार तिथेच बंद. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ जास्त झोपतं म्हणून तेव्हाच काढलेले बरे, पण सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला आई घराबाहेर पडू देणार नाही, तर काका लाइट घेऊन आमच्या माहेरी पंचवटीत यायला तयार आहेत. तारीख बाळ झाल्यावर कळवायची ठरली आहे.