चांदी की तांबं?

भाचा अडलाय: कार्बन डायऑक्साइडपासून विजेवर रसायन करायचं, तर कॅथोड (विजेचं ऋण टोक, जिथे वायूला इलेक्ट्रॉन मिळतात) कसला घ्यावा? वायूची चिंता नाही. आपल्या बेळगावकडच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबताना तो बऱ्यापैकी शुद्ध निघतो.

खर्चात तांबं सरस, पट्टी खडेबाजारातही मिळेल. पण भारी लहरी! इथिलीन, मिथेन, इथेनॉल, सगळं एकदम. इथिलीनच्या एका रेणूला 12 इलेक्ट्रॉन लागतात. द्रावणात लोखंडाचा अंश असला, तर पट्टी थोड्याच वेळात मंदावते आणि नुसता हायड्रोजन सुटतो.

चांदी महाग, पण 2 इलेक्ट्रॉनांत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड. विषारी, बिनवासाचा, फ्यूम हूडशिवाय (वायू बाहेर ओढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटाशिवाय) नकोच.

वेळेत रिपोर्ट द्यायचाय? चांदी. पुढे संशोधनच करायचंय, इथेनॉलसाठी द्रवही तपासायची सोय आहे, तर तांबं.