चढ, टायर की सपाट मैदान? रग्बीच्या वेगासाठी काय निवडाल

मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्यात रंगतो, त्यामुळे वेगाची तयारी मार्च ते मे अशी ऐन उकाड्यात करावी लागते. नोकरी-कॉलेज सांभाळून ठाणे-नवी मुंबईतल्या खेळाडूला आठवड्यात दोनच सकाळी मिळत असतील, तर त्या कशावर खर्च कराव्यात?

येऊर किंवा पारसिक हिलचा चढ अनेकांच्या घराजवळ आहे आणि फुकट आहे. चढावर अंग आपोआप पुढे झुकतं, जमीन मागे रेटावी लागते. पहिल्या दहा मीटरचा जोर असा तयार होतो, आणि रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघांची रेटारेट) घुसताना तोच लागतो. चढ मात्र बेताचा हवा, फोनच्या लेव्हल अ‍ॅपवर ४ ते ६ अंश. त्याहून उभा असला की धाव मोडते. २० मीटरच्या ६ ते ८ धावा पुरतात आणि प्रत्येक धावेनंतर पूर्ण २ मिनिटं विश्रांती घ्यायची. खाली चालतच या. पळत उतरलात तर मांडीचा पुढचा भाग दोन दिवस जिना उतरू देत नाही. येऊर जंगलाला लागून आहे, तिथे बिबट्यांचा वावर असतो, म्हणून नीट उजाडल्यावरच जा. पाऊस सुरू झाला, रस्त्यावर शेवाळ धरलं, की हा पर्याय बंद.

टायर ओढणं हे त्याच कामाचं सपाटीवरचं रूप. पंक्चरवाल्याकडून कारचा जुना टायर घ्या, ४-५ मीटर दोरी आणि कमरेला रुंद पट्टा. दोरी आखूड पडली तर टायर पुढून उचलला जातो आणि उड्या मारतो. वजन किलोत मोजण्यात अर्थ नाही: तोच टायर कोरड्या मातीत अडतो, ओल्या गवतावर घसरतो. घड्याळ लावा. २० मीटरला मोकळेपणी ३.२ सेकंद लागत असतील आणि टायरसह ३.५ लागले, तर वेगाचा सराव होतोय. ६ सेकंदांच्या आसपास गेलात तर तो ताकदीचा सराव झाला. स्क्रममध्ये (दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा) रेटणाऱ्या प्रॉप आणि लॉकला, म्हणजे पहिल्या दोन रांगांतल्या खेळाडूंना, तोही उपयोगी आहे, पण १० मीटरपुरताच ठेवा.

सपाट मैदानाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि तिथेच चूक होते. चढावर किंवा टायरसह सर्वोच्च वेग कधीच गाठता येत नाही. पूर्ण वेगात पाऊल टेकण्याच्या क्षणभर आधी मांडीमागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) सर्वांत जास्त ताणलेला असतो, आणि हॅमस्ट्रिंग बहुधा तिथेच फाटतं. तीन महिने नुसता चढ चढलेला विंगर (मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू) पहिल्याच सामन्यात मोकळी जागा दिसली म्हणून सुटतो, तेव्हा त्या स्नायूला तो ताण अगदी नवा असतो. म्हणून २० मीटर वेग वाढवत नेऊन पुढचे २० मीटर पूर्ण जोरात, अशा ३-४ धावा आठवड्यातून एकदा हव्यातच. धावेच्या दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती घ्या. क्रिकेटची टणक खेळपट्टी ओलांडत पळू नका. तिच्या कडेला पाय मुरगळतो.

सेव्हन्स (सात-सात जणांचं रग्बी) किंवा बॅक्समध्ये (मागच्या फळीत) खेळत असाल तर एरवी दोन्ही सकाळी मैदानावर घालवा, चढ महिन्यातून दोनदा पुरे. फॉरवर्डने (पुढच्या फळीतल्या खेळाडूने) एक सकाळ चढ किंवा टायरला द्यावी, दुसरी मैदानाला. मैदानावरच्या निम्म्या धावा पोटावर झोपून उठत सुरू कराव्यात, कारण सामन्यात टॅकलनंतर (पकडून पाडल्यावर) उठूनच पळायचं असतं.

दम वाढवायचा म्हणून विश्रांती कापू नका. कापलीत तर तिसऱ्या धावेपासून वेग पडतो आणि मग सराव वेगाचा राहत नाही. दमासाठी ब्रॉन्को नावाची धाव वेगळ्या दिवशी करा: २०, ४० आणि ६० मीटर जाऊन परत, अशा ५ फेऱ्या, एकूण १२०० मीटर, मध्ये न थांबता. वेगाच्या दिवशी वेळ सर्वोत्तम धावेपेक्षा ५ टक्क्यांनी वाढली, की बूट काढा, उरलेल्या धावा सोडून द्या.