‘बोर्ड गेलाय’ म्हणून परत पाठवलेला लॅपटॉप आणि लॅमिंग्टन रोडचं एक दुकान

माझा लॅपटॉप २०१२चा. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, विंडोज सेव्हन. विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२०ला बंद झाले, तेव्हापासून मी त्याला इंटरनेट जोडत नाही. पण टाकूनही देत नाही, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. मी डोंबिवलीत घरीच डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायची कामं करते. पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्रीलिपी त्याच्यातच आहेत. माझ्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. दुसऱ्या मशिनवर उघडल्या की काना-मात्रा जागेवर राहत नाहीत. नवीन घे, असं सगळे सांगतात. त्यांना हे समजावता समजावता मी दमले आहे.

सप्टेंबरात, एका दिवाळी अंकाची १४४ पानं निम्मी लागलेली असताना, सकाळी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा चार-पाच सेकंद फिरला, सगळं बंद. परत आपोआप चालू, परत बंद. स्क्रीन काळी.

जे ठाऊक होतं ते करून पाहिलं. चार्जर काढला, बॅटरी काढली, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, मग नुसता चार्जर लावला. तेच. शेजारच्यांचा मॉनिटर जोडून पाहिला, त्यावरही काही नाही. खालचं झाकण उघडून रॅमची पट्टी काढली, पुसली, परत बसवली. फरक शून्य. पट्टी काढून ठेवून चालू केला तरी तसाच चार-पाच सेकंद फिरून बंद. म्हणजे रॅमचा दोष नाही, असं मी धरून चालले. ही माझी मोठी चूक होती.

घराजवळच्या दुकानात नेला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातातसुद्धा घेतला नाही. बटण दोनदा दाबलं आणि म्हणाले, “बोर्ड गेलाय, साडेआठ हजार, त्यापेक्षा सेकंडहँड घ्या.” बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड. घरी येऊन मी खरंच रडले.

दुसऱ्या दिवशी डोंबिवली-दादर, दादरहून ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आले. ज्या दुकानाबद्दल लिहिते आहे त्याच्या पाटीवर नावच नाही, नुसतं ‘लॅपटॉप रिपेअरिंग’. एका जुन्या इमारतीत जिन्याखाली, दोन माणसं उभी राहिली की भरेल एवढी जागा. आत पन्नाशीचे एक कारागीर आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा.

मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्यांच्या पहिल्या प्रश्नाने. “ताई, आत डेटा आहे का?” मी अंकाचं सांगितलं. त्यांनी सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढली, आपल्या मशिनला केबलने जोडली आणि माझं फोल्डर मला डोळ्यांनी दाखवलं. मी नेलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी करून दिलं. “आता बिनधास्त उघडू,” म्हणाले. दुरुस्ती नंतर, आधी फायली. मी चार दुकानं पाहिली आहेत आजवर, हे कुणी केलं नव्हतं.

मग चार्जर बाजूला ठेवून लॅपटॉप त्यांच्या टेबलावरच्या डीसी सप्लायला लावला. त्यावर ॲम्पिअरचा, म्हणजे लॅपटॉप किती करंट ओढतोय त्याचा आकडा दिसतो. बटण दाबायच्या आधी आकडा जवळजवळ शून्य होता. “शॉर्ट असता तर इथेच चढला असता,” हे त्यांनी मला वाकून पाहायला लावलं. बटण दाबल्यावर आकडा वर गेला, थांबला, खाली आला. परत तेच.

“रॅम किती दाखवायचा?”

“आठ.”

“खालून काढली ती पट्टी चारची आहे. मग दुसरी चार कुठेय?”

मी गप्प. ह्या मॉडेलला रॅमच्या दोन जागा आहेत, एक खालच्या झाकणाखाली आणि एक कीबोर्डच्या खाली. तेरा वर्षं वापरते आहे, मला माहीत नव्हतं. मी खालची पट्टी काढली तेव्हा वरची आतच होती आणि खराब तीच होती!

कीबोर्ड उचलून त्यांनी दोन्ही पट्ट्या काढल्या आणि रिकामाच चालू केला. लॅपटॉपने बीप दिली. “ऐकलं का? रॅम नाही म्हणून तक्रार करतोय. तक्रार करतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे.” तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. मग एकेक पट्टी, एकेक जागा, असं चारही प्रकारे लावून पाहिलं. दोन्ही जागा चांगल्या, एक पट्टी मेलेली. चांगल्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासून, आयपीएने (साफ करायच्या अल्कोहोलने) पुसून घेतले.

स्क्रीन आली तर तारीख-वेळ विचारायला लागली. हे गेले काही महिने होतच होतं आणि मी दर वेळी तारीख भरून पुढे जात होते. बोर्डावरचा छोटा सेल मीटरवर त्यांनी मोजला. तीन व्होल्टच्या जागी सव्वा. तोही बदलला. पंख्यातून धुळीची गादीच निघाली आणि प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ते काम त्यांनी मी न सांगता केलं, पण करण्याआधी दोनशे रुपये जास्त होतील हे सांगून.

बिल: मजुरी ५००, चार जीबीची जुनी डीडीआर-थ्री पट्टी ६००, सेल ६०, साफसफाई आणि पेस्ट २००. एकूण १,३६०. वेळ पावणेदोन तास, सगळं माझ्यासमोर. मेलेली पट्टी न मागता परत दिली.

उणिवाही सांगते. बसायला जागा नाही, मी पूर्ण वेळ उभी होते. गुडघे दुखत असतील तर कुणाला तरी सोबत न्या. कार्ड चालत नाही, रोख किंवा यूपीआय. छापील पावती नाही, वहीच्या कागदावर लिहून दिली आणि पट्टीची हमी फक्त पंधरा दिवसांची. त्यांचा फोन सतत वाजतो, दर वेळी काम थांबतं. रविवारी बंद.

अंक वेळेवर छापायला गेला. हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्या जागी बसणारी, जास्त वेगवान डिस्क) टाका, असं ते म्हणाले आहेत आणि मला ते पटलं आहे, पण श्रीलिपीचं लॉक (परवान्याचं कुलूप) आणि सगळी मांडणी तशीच्या तशी उचलून नेता येईल याची खात्री त्यांनी आधी करून दाखवावी, असं मी सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं. कीबोर्डचं ‘अ’ येणारं बटण ढिलं आहे, ह्या मॉडेलचा कीबोर्ड तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. काल फोन आला, मिळालाय म्हणून. शनिवारी जाते आहे.