गिम्प ३.० सात महिन्यांनंतर: पत्रिका, फ्लेक्स आणि मराठी अक्षरं

गिम्प म्हणजे चित्रं आणि फोटो बनवायचं-बदलायचं मोफत सॉफ्टवेअर. त्याचं २.१० एप्रिल २०१८ चं, ३.० आलं मार्च २०२५ मध्ये. सात वर्षं वाट बघायला लावली, पण आलं ते कामाचं. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, उत्सवाचे फ्लेक्स असल्या कामांना सात महिने रोज वापरल्यावरचं हे मत.

सगळ्यात मोठा आराम फिल्टरचा, म्हणजे सावली, धूसरपणा असल्या इफेक्टचा. पूर्वी अक्षरांना सावली दिली की ती वेगळ्या लेयरवर (चित्राच्या थरावर) पक्की बसायची. नाव बदललं की सावली पुसा, परत करा. आता फिल्टर लेयरलाच चिकटून राहतो. लेयरच्या ओळीतल्या ‘एफएक्स’वर क्लिक करून सावलीचं अंतर, रंग, धूसरपणा केव्हाही बदला. ऐनवेळी पत्रिकेत आणखी एका मामांचं नाव घुसवायचं असतंच; मजकूर बदलला की सावलीही आपोआप बदलते. अक्षरांना बाहेरची कडही आता टेक्स्ट टूलमध्येच आहे.

देवनागरी नीट जुळते, पण फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताचा) हवा. जुन्या सीडीवरच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आधी कन्व्हर्टरमधून काढा. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा मराठी ठेवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत तिथे ते उमटतात, हिंदी वळणाचे नाहीत. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला ‘ऱ्’ नीट उमटतो का ते मात्र फॉन्ट निवडतानाच टाईप करून बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं दिसतं. मथळा रुंद हवा असेल तर रुंद फॉन्ट घ्या. आणि मजकूर स्केल टूलने ताणू नका, फॉन्टचा आकडा वाढवा. ताणलेला मजकूर पुन्हा एडिट करायला गेलात की ताण जातो आणि अक्षरं मूळ मापावर येतात.

कंट्रोल-एस दाबल्यावर फक्त एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाईलच होते, जेपेगसाठी वेगळं एक्स्पोर्ट, यावर नवे लोक वैतागतात. हा वैताग गिळावा. जेपेग उघडून, बदलून, परत जेपेग केली की दर वेळी चित्र थोडं झिजतं. एक्ससीएफमधून काढलेली जेपेग कायम पहिल्याच पिढीची.

जेपेगमध्ये खरी गोम सबसॅम्पलिंगची, म्हणजे रंगाची माहिती गाळण्याची. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल मथळा घ्या, आपल्याकडे दुसरं काय असतं! जेपेग उजेड आणि रंग वेगळे साठवते. ४:२:० या सेटिंगला चार पिक्सेलच्या चौकोनाला रंग एकच मिळतो. मग वेलांटीच्या बारीक टोकाशी लाल-पिवळं कालवून मातकट कड दिसते. क्वालिटी १०० केली तरी ती जात नाही, कारण रंग आधीच गाळलेला असतो. एक्स्पोर्टच्या प्रगत पर्यायांत ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) करा, क्वालिटी ९० पुरे. फाईल जरा जड होते, होऊ द्या. लोगोला मात्र पीएनजी: जेपेगला पारदर्शकता नाही, आणि गिम्प तिथे टूलबॉक्समधला मागचा रंग भरतं. तयार फाईल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती परत दाबली जाते.

मापाचं गणित सुरुवातीलाच करा. ए५ पत्रिका १४८ × २१० मिमी. चारही बाजूंनी ३ मिमी कटिंगसाठी धरून १५४ × २१६, म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) १८१९ × २५५१ पिक्सेल. ६ × ३ फुटांचा फ्लेक्स लांबून बघायचा, ७२ डीपीआयला ५१८४ × २५९२ पुरतो. १६०० × १२०० चा आलेला फोटो ३०० ला जेमतेम ५.३ × ४ इंच छापतो. प्रिंट साईजमध्ये ३०० लिहून पिक्सेल वाढत नाहीत, नुसता आकडा बदलतो. स्केल इमेजने वाढवले तरी नवा तपशील कुठून येणार?

उणीव छपाईची, आणि ती मोठी आहे. सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचं) प्रोफाईल जोडून छापल्यावर कसं दिसेल त्याचा प्रूफ बघता येतो, टिफ आणि जेपेग सीएमवायकेत काढताही येतात, पण काम चालतं आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत. त्यामुळे काळं अक्षर बदलताना चारही शाईंच्या मिश्रणात जातं. मोठ्या मथळ्याला चालतं. ८ पॉइंटच्या ‘आपले नम्र’ला नाही. ऑफसेट छपाईत प्लेट केसभर हलली की अक्षराभोवती निळी-गुलाबी झालर. म्हणून ऑफसेटच्या कामात चित्र आणि पार्श्वभूमी गिम्पमध्ये, बारीक मजकूर पानं मांडायच्या स्क्रायबस १.६ या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या काळ्या शाईत. फ्लेक्स आणि मोबाईलवरच्या पत्रिकेला ही कटकट नाही.

पायथन २ या भाषेत लिहिलेले जुने प्लगइन (जोड-प्रोग्राम) ३.० मध्ये चालत नाहीत. तुमचं रोजचं काम त्यातल्या एखाद्यावर अडत असेल तर नवी आवृत्ती आहे का ते आधी बघा. जुन्या एक्ससीएफ फाईल बदलण्याआधी कॉपी ठेवा, ३.० च्या नव्या सोयी वापरून सेव्ह केलेली फाईल २.१० मध्ये उघडत नाही.